आप्पांनी काय लावलंय?

आमच्याकडे रानडुकरांच्या भीतीनं शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. मन्मथआप्पा त्या माणसांच्या भीतीनं बांधतात. त्यांच्या दोन एकरांभोवती घरातल्या तीन पिढ्यांची लुगडी-पातळं इतकी उंच आणि दाट बांधलेली असतात, की आत मिरची आहे की मेथी हे बांधाला बांध असूनही मला कधी दिसलेलं नाही.

रेणापूर तालुक्यातलं आमचं गाव भाजीपाल्याचं. पहाटे एकाच पिकअपमधून सगळ्यांचा माल लातूरच्या मार्केटला जातो. आप्पांचे कॅरेट त्यातही गोणपाटाखाली. "आप्पा, काय हाय आत?" विचारलं की म्हणायचे, "माल हाय." "औंदा काय लावलंय?" तर "बघू." लावून महिना झालेला असला तरी "बघू"च.

याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी त्यांनी कारली लावली, भाव बरा मिळाला, आणि भोळेपणानं त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. पुढच्या वर्षी गावात जिकडे बघावं तिकडे कारली. सोयऱ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं बंद केलं, इतकी कारली. तेव्हापासून आप्पांनी कानाला खडा लावला. लोक लावतील त्याच्या उलटं लावायचं आणि आपलं कुणाला सांगायचं नाही.

गावातल्या भाजीपाला करणाऱ्यांचा मोबाइलवरचा मार्गदर्शन ग्रुप मी चालवतो. कुठल्या रोगाला काय फवारायचं, ठिबकच्या अनुदानाचं काय झालं, आज मार्केट काय आहे, सगळं त्यात येतं. आप्पा रोज वाचतात, स्वतः एक अक्षर टाकत नाहीत. तालुक्याला प्रशिक्षण असलं की पहिल्या जीपनं जाऊन शेवटच्या रांगेत बसतात. कृषी खात्याचे साहेब बोलायला लागले की सगळे साहेबांकडे बघतात आणि आप्पा सगळ्यांकडे बघतात. ढोबळी मिरचीवर माना डोलल्या की आप्पांच्या दृष्टीनं ढोबळी मिरची रद्द. "सल्ला समद्यांला येकच देतेत," ते मला एकदा म्हणाले. "मंग भाव कुनाला मिळंल?" साहेबांना हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

खोटं बोलायलाही ते कचरायचे नाहीत. मिरची लावली की गवार सांगायचे. जवळच्या रोपवाटिकेत ओळखीचं माणूस भेटतं म्हणून रोपं आणायला थेट उदगीर गाठायचे. हळूहळू गावानंही नियमच करून टाकला, की आप्पा सांगतील ते सोडून बाकी काहीही खरं असू शकतं.

यंदा मात्र नवल घडलं. आप्पा आपण होऊन माझ्या दारात आले. "बालाजी, टमाटे लावू नको. समद्या रोपवाटिका फिरून आलो. जिकडं बघावं तिकडं टमाट्याचंच बुकिंग हाय. मराल समदे."

मी ते ग्रुपवर टाकलं. लगेच हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. एकानं लिहिलं, "म्हणजे आप्पांनी टमाटे लावले." झालं. आप्पा घरोघर फिरले, साडी बाजूला धरून "आत येऊन बघा की" म्हणू लागले. एक-दोघं गेले, त्यांना दोडक्याचे कोवळे वेल दिसले. त्यांनी गावात येऊन सांगितलं, आप्पांनी टमाटे दुसरीकडं कुठंतरी लावलेत. जे लावणार नव्हते त्यांनीही मग घाईघाईनं टोमॅटो लावला. मीही लावला.

पुढचं सांगावंसं वाटत नाही. भाव इतका पडला की तोडणीची मजुरी निघेना. अडत्याचा फोन आला, माल आणू नका. रस्त्याच्या कडेला ढीग पडले, आणि चार दिवसांत म्हशींनीही त्यांच्याकडे तोंड फिरवलं. आप्पांचा दोडका मात्र चांगल्या भावात गेला. आणि गाव चिडलं ते आप्पांवर. "ठावं हुतं तर नीट सांगायचं की," म्हणू लागले. नीट म्हणजे कसं, ते कुणी सांगितलं नाही. पिकअपमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसेना. हॉटेलात त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला, तर सगळ्यांचा नुकताच झालेला होता.

मी तर ठरवूनच टाकलं होतं, भाजीपाला बंद. लातूरला एका गोदामात कामाचं बोलणं झालं होतं. शेत पडतं तर पडू दे. एका सकाळी टोमॅटोच्या बांबूंच्या सुतळ्या सोडत होतो. पिकलेला माल पायाखाली चिरडत होता आणि त्याचंही काही वाटत नव्हतं. तेवढ्यात आप्पा आले आणि दुसऱ्या टोकाकडून सुतळ्या सोडू लागले. सोडत सोडत माझ्याजवळ आले तेव्हा म्हणाले,

"पुढं काय लावायलास?"

हा त्यांचा नेहमीचाच प्रश्न. उत्तर मिळालं की ती भाजी सोडून दुसरी लावायची. "काहीच नाही" असं मी म्हणणार होतो. पण आप्पांचा चेहरा इतका उतरला होता की ते म्हणवेना. तोंडाला आलं ते बोलून गेलो, "वांगी."

"मंग मीबी वांगीच लावतो."

"आप्पा, तुमी? उलटं लावायचं सोडलं का?"

"लावलं की उलटं. लई वर्सं लावलं." एक गाठ सुटत नव्हती, ते तिच्याशी झटत राहिले. "दोडक्याला भाव आला बघ. लई झाक आला. सांगावं तर कुनाला?"

आम्ही बुडालो होतो, पण सगळे मिळून बुडालो होतो. एकमेकांजवळ बसून शिव्या तरी घालत होतो. या माणसाला तेवढंही नव्हतं.

त्याच संध्याकाळी आप्पांनी हॉटेलात जाऊन मोठ्यानं सांगितलं, "वांगी लावायलो. मी आन् बालाजी." टोमॅटोनं पोळलेलं गाव या वेळी हसलं नाही. पहिल्यांदाच सगळ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

आम्ही दोघं उदगीरला रोपं आणायला गेलो, तर रोपवाटिकेवाला म्हणाला, "वांग्याची थोडीच राहिलीत. तुमच्याच गावची लोकं कालपासून न्यायलीत."

मी आप्पांकडे बघितलं. एरवी असलं काही कानावर आलं की ते तिथून निघालेच असते. आता ते उभेच राहिले. सगळं गाव वांगीच लावणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"हायत तेवढी दे," ते म्हणाले.

मी बाजूला जाऊन गोदामवाल्याला फोन केला आणि एवढ्यात जमणार नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग जागा राहणार नाही. बरं म्हणालो.

परतताना जीपमध्ये रोपांचे ट्रे मांडीवर घेऊन बसलो.

"आप्पा, भाव पडणार."

"हाव, पडंल की. समद्यांचा संगंच पडंल."

समोर बसलेल्या एका अनोळखी बाईनं कशाची रोपं म्हणून सहज विचारलं. आप्पांनी तिला वाण सांगितलं, माती सांगितली, कुठल्या बांधापासून लावायला सुरुवात करणार तेही सांगितलं, आणि ती उतरेपर्यंत सांगतच राहिले.