लाल दोऱ्याची भिंगरी

आमचे शेजारी किसनकाकाजी भर अंगणात स्वतःची टोपी आकाशात भिरकावतात आणि ओरडतात, "घार आली, घार!" साठीचा माणूस! खाली जमिनीवर कोंबडीची चिमुकली पिल्लं. डोक्यावरून टोपी गेली की जी पिल्लं दबकून जमिनीला चिकटतात त्या माद्या, आणि जी मान वर करून छाती काढून उभी राहतात ते नर. मग टोपी झटकून डोक्यावर, पिल्लू तळहातावर, आणि त्याच्या पायात दोरा. मादीला लाल, नराला हिरवा. दोऱ्याला काय तोटा, काकाजी विणकर, घरात हातमाग!

हसू नका. अख्खा मोहल्ला काकाजींकडे पिल्लं आणतो. दोरा म्हणजे साधी गोष्ट नाही. लाल दोऱ्यावाली अंड्यांसाठी राहणार, हिरव्या दोऱ्याचा आखाडात रस्सा होणार. म्हणून सगळे श्वास रोखून बघतात. मध्येच कुणी बोललं की काकाजी डोळे वटारतात, "चूप! जीव बोलून राहिला. आयकू दे मले."

मागच्या होळीनंतर आमच्या कोंबडीची पाच पिल्लं मी टोपलीत घालून नेली. पहिली चार झाली झटपट: दोन लाल, दोन हिरवे. पाचवी माझी भिंगरी. सतत गोल फिरते म्हणून भिंगरी. टोपी गेली... आणि भिंगरी ताठ! मान वर, टोपीकडे बघत चिवचिवाट!

काकाजींनी तिला उचललं. उलटं धरलं, सुलटं धरलं, कानाशी नेलं. मग लाल दोरा काढला.

"मादी."

"पण काकाजी, ती तं उभी राहिली होती!"

"तुले जास्त समजते का मले? जाय घरी!"

मी पळाले! मला तर हेच पाहिजे होतं. पण त्या दिवसापासून सुखानं झोपले असेन तर शपथ. मी बघितलं होतं ना!

वैशाखात भिंगरीला तुरा फुटला. ज्येष्ठात तो लालभडक. रोज सकाळी मी चुलीतली राख तुऱ्याला चोळायचे. दोन हिरव्यांपैकी एकाला मांजरानं नेलं, दुसऱ्याला खरोखरच्या घारीनं. आता बघा पंचाईत! माझा मामा नरखेडहून दर हंगामात संत्र्यांचं पोतं घेऊन येतो, आणि बदल्यात आई त्याला आखाडात बोलावून कोंबडा खाऊ घालते. हे ठरलेलं. आई भिंगरीकडे टक लावून बघायची आणि मी भिंगरीला टोपलीखाली झाकायचे.

"काकाजी, हे कोंबडी अंडं काहून देत नाही?" आईनं कुंपणावरून विचारलं.

"देईन ना सूनबाई. लाजून राहिली ते."

"अन् तुरा एवढा लाल?"

"ताप आहे."

दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या खुराड्यात अंडं! मी नाचले. आईनं अंडं उचललं. पांढरंफेक, मोठं, दुकानातलं. वर पेन्सिलीनं घातलेला दुकानदाराचा आकडा. आईनं कुंपणापलीकडे बघितलं. काकाजी एकदम दोरा गुंडाळायला लागले, आणि गुंडाळताना उलटाच फिरवत होते.

उशिरा उठतात, बावचळले आहेत बिचारे, एवढंच आई म्हणाली. हेही खरंच होतं. आधी उजाडायच्या आत काकाजींच्या मागाची खटखट सुरू व्हायची. होळीच्या सुमाराला त्यांचा म्हातारा कोंबडा मेला, आणि तेव्हापासून उन्हं अंगणात आली तरी माग मुका.

मग आला आखाडातला शेवटचा रविवार. एवढा एक दिवस गेला की श्रावण, महिनाभर भिंगरीला धोका नाही. पण मामा शनिवारच्या एसटीनंच येऊन ओसरीत झोपला होता!

पहाटे मला जाग आली ती आवाजानं. खरखरीत, फाटका, अर्धवट: "कुक्-कूऽ..."

मी उडालेच. मामा उठून बसला. "बाई, कोंबडा आहे म्हणा घरी!"

तेवढ्यात कुंपणापलीकडून जोरात आवाज, "मी हो पाहुणे, मी! घसा साफ करून राहिलो!" आणि काकाजींनी खरंच मान वर करून दिली बांग! तोंडात मंजन, दाढीवर फेस. उशिरा उठणारे काकाजी आज मामाच्या धास्तीनं आधीच उठलेले!

मामानं घोंगडी बाजूला केली. आणि भिंगरी खुराड्यावर चढली, पंख फडफडवले, आणि सगळ्यांसमोर पहिली पूर्ण बांग दिली. पायात लाल दोरा.

आई कमरेवर हात ठेवून उभी. "काकाजी, साऱ्या मोहल्ल्यात तुमचा दोरा कधी चुकला नाही. माह्याच घरी काहून चुकला?"

मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील. पण काकाजी चूळ भरून हळूच कुंपणाशी आले. "चुकला नाही सूनबाई. पिल्लू हातात घेतलं तेव्हाच समजलं होतं. आवाजाचा आहे हा."

"मग मागून घ्यायचा होता!"

"मागतला असता तं काहून पायजे ते सांगा लागलं असतं."

मग काकाजी टोपीची घडी करत म्हणाले, "माही घरवाली होती तवा रोज पहाटे हाक मारे. मी म्हणो, उठलो वं, उठलो. ते गेली. मग कोंबडा हाक मारे. आता तोही गेला."

"घड्याळ घ्या ना गजराचं," मी बोलून गेले. मला काय अक्कल!

"आहे ना घड्याळ. त्याले कोणी उठलो म्हणते का, पोरी?"

मामानं घोंगडी अंगावर ओढली आणि परत आडवा झाला. "बाई," तोंड पांघरुणात घालून म्हणाला, "आज पाटवडीचा रस्सा कर. तिखट कर."

भिंगरी मीच कुंपणावरून दिली. काकाजींनी दोन्ही हातांनी घेतली. मी म्हटलं, दोरा बदला ना आता. ते म्हणाले, राहू दे.

आता पहाटे बांग ऐकू येते, अजून फाटकीच. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मी पांघरुणात कान लावून पडून राहते. मग पलीकडून झोपाळू आवाज येतो, "उठलो वं, उठलो!" आणि माग सुरू होतो.