डाळिंबी नखांचे सर

शिवणबाईंनी कात्री टेबलावर अशी आपटली, की शेजारच्या खोलीत दाढी करणाऱ्या नवरोबांनी स्वतःचा गाल कापून घेतला.

"चोर? मी चोर?" बाई फोनवर कडाडत होत्या. "तोंड सांभाळून बोला!"

पलीकडे प्रशिक्षण केंद्राच्या मॅनेजरबाई होत्या. त्यांच्या केंद्रात पुढच्या महिन्यापासून शिवणाचा वर्ग निघणार होता आणि तो शिवणबाईंनी घ्यायचा, हे पक्कं झालं होतं. वीस वर्षं घरात बसून लोकांच्या पँटी आखूड केल्यावर आता कुठे बाईंच्या नावाची पाटी एका दारावर लागणार होती. आणि आज मॅनेजरबाई सांगत होत्या, "तुम्ही पाठवलेला व्हिडिओ कोर्स इंटरनेटवर एका सरांच्या नावाने आहे. शब्द न् शब्द तोच. चोरीचा माल आम्हाला चालत नाही."

गालाला कापूस लावून नवरोबांनी तो कोर्स उघडला. पडद्यावर सुटाबुटातले एक सर हात जोडून उभे. "मित्रांनो, कॉलर कापायची ही पद्धत मी तीस वर्षांच्या तपश्चर्येतून स्वतः शोधून काढली आहे." एवढं बोलून सरांचा चेहरा गेला आणि पडद्यावर दोन हात आले. बाईंचं टेबल, बाईंचं मेणकापड, गळ्याचा गोल आखायला कागदावर पालथी घातलेली चहाची बशी. बाईंना कॅमेऱ्याची लाज वाटायची, म्हणून त्यांनी स्वतःचे फक्त हातच दाखवले होते. आवाज तेवढा आता सरांचा होता. नखांना मात्र अजून डाळिंबी रंगाचं नेलपॉलिश होतं.

"बघा, बघा मेल्याला! तीस वर्षं तपश्चर्या केली म्हणे. नखं रंगवून केली का?"

"असतील सर हौशी," नवरोबा बोलून गेले. बाईंनी वळून पाहिलं, तसे ते मुकाट्याने स्कूटर काढायला खाली गेले.

सरांचा पत्ता कोर्सच्या खालीच दिलेला होता. एका दुकानाच्या माडीवरची खोली, आत गार हवा आणि भिंतीवर सरांच्याच कोर्सांची यादी. केक, गिटार, शेअर बाजार, कुत्र्याला शिस्त, मनःशांती. सगळ्यांत तपश्चर्या तीस वर्षांची. बाईंनी मनातल्या मनात बेरीज केली, तर सरांचं वय सहज दीडशेच्या पुढे जात होतं.

"बसा ना ताई."

"ताई म्हणू नका! माझे हात तुमच्या नावावर विकताय, वर ताई?"

सर जराही गडबडले नाहीत. त्यांनी कपाटातून एक कागद काढून पुढे ठेवला. "परवाना आहे. तुमच्या खात्यात रीतसर पैसे भरून घेतलाय. वाचा. 'खरेदीदारास हा कोर्स स्वतःच्या नावाने पुन्हा विकण्याचा हक्क राहील.' चौकटीत बरोबरची खूण आहे. ती तुमच्याकडूनच झालीय."

बाईंनी सावकाश मान वळवली. बाईंचा कोर्स विक्रीच्या साइटवर चढवण्याचं काम नवरोबांनी केलं होतं.

"आठ चौकटी होत्या," नवरोबा पुटपुटले. "मला वाटलं, जितक्या जास्त खुणा, तितका कोर्स भारी."

"घरी चला, मग सांगते." बाई परत सरांवर घसरल्या. "आणि तुम्ही हो! सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

"ताई, विमान कंपनीच्या मालकाला विमान कुठे चालवता येतं?"

"पण तो 'मीच चालवलं' म्हणून सांगत फिरत नाही! विकायचा हक्क घेतलात, विका. पण मी शोधून काढली, मी तपश्चर्या केली, हे धडधडीत खोटं बोलायचा परवाना कुठल्या चौकटीत दिलाय ते दाखवा!"

सरांनी कागद खालपासून वरपर्यंत प्रामाणिकपणे वाचला. "तसं वेगळं कलम नाही दिसत," ते म्हणाले.

तिथून दोघं तडक केंद्रावर गेली. मॅनेजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या कपाळावरची आठी तशीच राहिली. "कागद त्यांच्याकडे आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे हात आहेत! कापड आणा, आत्ता कॉलर कापून दाखवते."

"कापाल हो. पण त्यांचाच कोर्स बघून शिकला नसाल कशावरून?"

मशीन तापावं तशा बाई नुसत्या धुमसत होत्या.

"असं करा," मॅनेजरबाई म्हणाल्या, "तुम्हाला पहिल्यापासून ओळखणाऱ्या कुणाचं तरी लेखी आणा, की ही पद्धत तुमचीच आहे. पाच वाजेपर्यंत. नाहीतर वर्ग सरांना जाईल. ते सूट घालतात, छाप पडते."

पहिल्यापासून ओळखणारं माणूस एकच होतं. मावशी. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या भाचीला मशीनवर बसवलं होतं ते यांनीच. आता अठ्ठ्याहत्तरीतही त्यांचं मशीन बंद पडलेलं नव्हतं. नवरोबांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मजकूर लिहिला: 'कॉलरची ही पद्धत माझ्या भाचीने स्वतः शोधून काढली आहे, हे मी खात्रीपूर्वक सांगते.'

मावशींनी आधी सरांचा व्हिडिओ पाहिला, शेवटपर्यंत. "छान सांगतो गं. अगदी माझ्यासारखं बोलतो."

"मावशी, तो चोर आहे चोर! बोलणं माझं आहे, त्याने नुसता आवाज बदललाय. मला चार पैसे देऊन माझी पद्धत स्वतःची म्हणून खपवतोय. अशा माणसाला भर चौकात उभं करायला पाहिजे!"

"हो का? मग तुझा मूळचा लाव बघू."

"अगं, पाच वाजायला आलेत. तू सही कर फक्त."

"लाव म्हणते ना."

बाईंनी लावला. खोलीत बाईंचाच आवाज घुमला. "नमस्कार. ही पद्धत माझी स्वतःची आहे. अनेक वर्षांच्या अनुभवातून मी ती शोधून काढली आहे."

बाईंनी घाईघाईने व्हिडिओ बंद केला. नवरोबा छताच्या पंख्याकडे टक लावून बघत राहिले.

मावशींनी चष्मा लावला, कागदावरचा मजकूर ओळीवर बोट ठेवून वाचला आणि खाली ठसठशीत सही केली. "घे. तुझं काम अडायला नको."

"रागावलीस?" बाईंचा आवाज दिवसभरात पहिल्यांदाच खाली आला.

"छे गं. रागवायचं काय त्यात?" मावशींनी पाय पुन्हा मशीनच्या पट्टीवर ठेवले. "पण त्या सरांना उगाच नावं ठेवू नकोस. माणूस भला आहे."

"तो? भला?"

"तर काय. त्याने निदान तुला पैसे तरी दिले."