ओर्नेरोने अडवलेलं दार

देल्मिराबाईंच्या घराचं दार लागत नव्हतं, आणि घराला कुलूप लावल्याशिवाय त्यांच्या मुलाला, एल्बियोला, त्यांना मोंतेविदेओ शहरात नेता येत नव्हतं.

देल्मिराबाईंचा नवरा सप्टेंबरात वारला. नऊ दिवस माळ जपायला शेजारीपाजारी येत राहिले, म्हणून बाहेर उघडणारं ते दार सताड उघडंच राहिलं. तेवढ्यात ओर्नेरो पाखरांच्या जोडीने अंगणातला चिखल चोचीने आणून, निम्मं चौकटीवर आणि निम्मं दारावर, पावाच्या भट्टीसारखं गोल घर उभारायला घेतलं.

बापाच्या मूठमातीच्या दिवशी ओढ्याला पूर होता. शहरातून निघालेली एल्बियोची बस अर्ध्यातून परतली. पुन्हा निघून पोचेतो दहावा दिवस उजाडला. आल्यापासून तो रडला नव्हता. त्याने मेंढ्यांना गिऱ्हाईक शोधलं, आईचं गाठोडं बांधलं, बसची वेळ विचारली. देल्मिराबाईंना घराची नाही, त्याचीच काळजी लागली होती. हा न रडताच परत गेला तर आयुष्यभर आत कुढत राहील, असं त्यांना वाटे.

शेजारच्या आनाक्लेतोने बजावलं की घरटं फोडलं तर घरावर वीज पडते. मात्र हे पाखरू रविवारी काम करत नाही, तेव्हा रविवारी घरटं अलगद उचलावं. रविवारी एल्बियो शिडीवर चढला, तर पाखरू त्याच्या नाकासमोर चिखल थापत होतं.

"काका, आज रविवार ना?"

"ही जोडी दुसऱ्या पंथाची दिसते," आनाक्लेतो म्हणाला.

मग बिजागऱ्या काढायचं ठरलं. खालची निघाली तसं दार कलंडलं. एल्बियोने ते पाठीवर तोललं आणि आनाक्लेतो टेकू आणायला गेला. वाटेत त्याला कुणीतरी मातेचा कडू चहा प्यायला बसवलं. तो तासाभराने परतला, तोवर दोन कोंबड्या पलंगावर चढल्या होत्या आणि एका कोकराने बापाच्या तसबिरीपुढची फुलं खाल्ली होती. एल्बियो जागचा हलू शकला नाही. नुसता ओरडत राहिला, आणि कोकरू त्याच्याकडे बघत चघळत राहिलं.

टेकू लावून दार तसंच सोडलं, आणि पुढच्या आठवड्यात घरट्यात अंडी आली. आता हात लावायची सोयच उरली नाही. एल्बियोने कचेरीत फोन करून सांगितलं की दाराचं काम निघालंय. त्यानंतर दर सोमवारी तो हेच सांगत राहिला.

पिल्लं अंड्यांतून बाहेर आली तसा तो सकाळपासून बापाच्या खुर्चीत दाराकडे तोंड करून बसू लागला. नर किती अळ्या आणतो, मादी किती, हे तो आईला सांगे. एकदा म्हणाला, "बाबा असते तर..." आणि उठून विहिरीकडे गेला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी, एल्बियो दुकानात गेला असताना, तिन्ही पिल्लं उडाली. देल्मिराबाईंनी स्वतः पाहिलं. तिन्ही कुंपणाच्या तारेवर ओळीने बसली आणि मग निलगिरीच्या झाडांकडे गेली. त्यांनी मुलाला काही सांगितलं नाही.

गुरुवारी एल्बियो शिडीवर चढला. बराच वेळ त्याने घरट्याच्या तोंडाशी तोंड लावलं होतं. त्याची पाठ गदगदत होती.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "दोन आहेत अजून. एवढ्यात नाही निघता येणार."

देल्मिराबाईंनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नीट बघ, बाळा," त्या म्हणाल्या. "तीनही असतील."