ठकीच्या दुपारच्या झोपेचं शास्त्र

‘मूल झोपवणं ही कला नसून शास्त्र आहे,’ हे विधान मी बायकोसमोर करायला नको होतं. (पुरेशा पुराव्याशिवाय विधान करू नये, हे मृदाशास्त्राचा पदव्युत्तर संशोधक असूनही मी विसरलो.) बायको दातांची डॉक्टर. दवाखान्यातली तिची खुर्ची तिला माझ्याइतकीच प्रिय आहे. (हा अंदाज माझ्या बाजूने बराच सढळ आहे.) तिची रजा संपत आली होती आणि त्या दिवशी ती केवळ अर्धा दिवस जाऊन पाहणार होती.

“हे बघ,” चपला घालता घालता ती म्हणाली, “ठकी माझ्याशिवाय नीट राहिली तर सोमवारपासून रुजू होते. नाहीतर नोकरीला रामराम. पोरीचे हाल करून मला कुणाचे दात बघायचे नाहीत.”

“तू निश्चिंत जा.”

“तू असं म्हणालास की माझी चिंता सुरूच होते.”

ती गेली. मी ठकीला केळं कुस्करून भरवलं. निम्मं तिच्या पोटात गेलं, उरलेलं माझ्या चष्म्यावर स्थिरावलं. मग पडदे ओढले, पंखा मंद केला, जमिनीवर गादी घातली. बायको थोपटते त्याच लयीत थोपटलं, ती गुणगुणते तेच गुणगुणलं. ठकी टक्क जागी! एखाद्या परीक्षकाने पाहावं तशी ती माझ्याकडे पाहत होती.

एकेक घटक तपासल्यावर उणीव ध्यानात आली. आई नव्हती. परंतु आईचा वास उपलब्ध होता. तो दारामागच्या खुंटीवर, गाऊनच्या रूपाने लटकत होता.

मी गाऊन चढवला. (शास्त्रासाठी लोकांनी याहून मोठे त्याग केले असावेत, असं मला वाटतं.) तो माझ्या गुडघ्यांपाशीच संपला, पण परिणाम विलक्षण होता. ठकीने जांभई देऊन माझ्या खांद्यावर मान टाकली.

एवढ्यात कुलपात किल्ली फिरली. सासूबाई जवळच राहतात आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

“अगं, गेलीच नाहीस का कामावर?” मागून आवाज आला. “आणि केस कधी गं कापलेस एवढे?”

मी वळलो.

“अगंबाई! जावईबापू!”

ठकीचे डोळे पुन्हा बशीएवढे झाले.

“आई, हळू बोला. हा शास्त्रीय उपाय आहे.”

“हा उपाय? मग आजार काय असेल! सरका तिकडे. चार पोरं झोपवलीत मी.”

ठकीला मध्ये घेऊन आम्ही दोघे दोन बाजूंना आडवे झालो.

“असं थोपटतात होय? पोर आहे ती, पोळपाट नव्हे.”

“आई, लय बदलू नका, कृपया.”

“तुम्ही तोंड बंद ठेवा, मग आपोआप झोपेल.”

मी तोंड बंद ठेवलं. मंद वारा, अंधार, संथ गुणगुणणं! झोपेला पोषक असे सर्व घटक मी इतक्या काटेकोरपणे जुळवले होते की झोप लागणं अपरिहार्यच होतं.

ती लागलीही.

डोळे उघडले तेव्हा बायको दारात उभी होती, तोंडावर ओढणी दाबून. सासूबाई निर्धास्त घोरत होत्या. आणि आम्हा दोघांच्या मध्ये ठकी ताठ बसली होती. एका हातात आजीचा चष्मा. दुसऱ्या हाताने ती माझ्या छातीवर थोपटत होती. लय अगदी अचूक होती.

“रडली का रे?” बायकोने विचारलं.

“मी जागा असेपर्यंत तरी नाही,” मी शक्य तितक्या अचूकपणे सांगितलं. “पण झोपलीही नाही. म्हणजे... राजीनामा?”

“छे! सोमवारी जाणार मी.” तिने ठकीचा पापा घेतला. “मला उगाच काळजी होती, घरात जबाबदार माणूस कोण असेल म्हणून.”

मी ओशाळून गाऊन काढायला उठलो, तशी ती ठकीला हळूच म्हणाली,

“असू दे गं त्याच्या अंगावर. काढला तर सोमवारी झोपायला त्रास देईल तुला.”