मोहाच्या रोपाला कूलर

"अहो, बाहेर या लवकर! आबांनी झाडाला कूलर लावलाय!"

समोरच्या काकू गॅलरीतून काकांना हाक मारत होत्या. मी खिडकीतून पाहिलं, तर खरंच. देवपुरातल्या आमच्या गल्लीत, भर मे महिन्यात, शेजारच्या आबांचा पत्र्याचा कूलर त्यांच्या अंगणात घरघरत होता. त्याच्यापुढे गुडघाभर उंचीचं मोहाचं रोप लटलट हलत होतं. शेजारी खुर्चीत आबा घामाने निथळत, पेपराने वारा घेत बसले होते.

"आबा, रात्री पांघरूण पण घालता का त्याला?" काकूंनी विचारलं.

"हिवाळ्यात घालीन ना! सातपुड्यातलं लेकरू शे ते. गार जंगलातून आलंय, धुळ्याचं ऊन कसं सोसंल?"

आबा कूलर दुरुस्त करतात, पण धंद्याचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. नवा कूलर मागायला गिऱ्हाईक आलं की आबा विचारणार, "घराच्या पश्चिमेला काय शे?" भिंत म्हटलं की, "मग निंब लावा. बिनविजेचा कूलर!"

आबांच्या मते सातपुडा हा खानदेशाचा कूलर. झाडं मुळांनी पाणी ओढतात, पानांतून सोडतात, म्हणून हवा गार राहते, ढगही जरा रेंगाळतात. "आपण काय केलं? कूलरमधलं गवत उपटलं आणि चुलीत घातलं! गारवा तर गेलाच, वर धूर. मग नुसता पंखा फिरवला की गरम वाराच येणार. बठ्ठ्या, अख्ख्या दुनियेचं हेच शे. समजनं का?"

मी मान डोलवते. इंग्रजी शाळेत हे सगळं मी आकृतीसकट पाठ केलं होतं, पण मोठ्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यामुळे गल्लीत हुशार अशी मी एकटीच, असा आबांचा समज आहे.

रोप मात्र सुकत चाललं होतं. कारण मला दिसत होतं. नळाला येणारं जेमतेम पाणी आबा कूलरच्या टाकीत ओतायचे. मुळाला थेंब नाही, आणि पानांत उरलेलं पाणी दिवसभर वारा ओढून नेणार. हे सांगायला मी फाटकापर्यंत जायचे आणि "नमस्कार, आबा" म्हणून परत यायचे.

परवा गेले तेव्हा आबा रोपाशी उकिडवे बसले होते.

"अक्काच्या माहेरचं शे हे," ते म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची बायको, गेल्या हिवाळ्यात वारल्या. "तिला इथलं ऊन कधी मानवलं नाही. मी गावाचे कूलर नीट करायचो. घरातला बिघडला की म्हणायचो, उद्या बघतो. ती बिचारी ओला पदर डोक्यावर घेऊन बसायची." त्यांनी एक वाळकं पान बोटाने हळूच सरळ केलं. "आता हेही राहत नाही, पोरी."

मी पुढे होऊन कूलर बंद केला. टाकीतलं पाणी बादलीत काढून रोपाच्या मुळाशी ओतलं. माती ते गटागटा प्याली. मग मी कूलर ढकलत त्यांच्या खुर्चीसमोर आणला, तोंड त्यांच्याकडे केलं आणि इतक्या मोठ्याने बोलले की काकू पुन्हा गॅलरीत आल्या.

"याला वारा नको, आबा, पाणी हवंय. ते मी रोज घालीन. कूलरपुढे तुम्ही बसा!"