खडीवरची सायकल आणि बापाचा होकार

मी फक्त अंगठा दाखवला होता. तोही मोबाइलवर, तोही तोंडात भाजलेल्या कणसाचा घास असताना. तेवढ्यावरून माझ्या एकुलत्या एका मुलीच्या मागणीच्या दिवशी मी नदीत गळ्यापर्यंत उभा राहीन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही 'हो' म्हणालो असतो. सवय, दुसरं काय!

आमच्या कचेरीचे साहेब पाक हेंद्रावान (पाक म्हणजे आमच्या जावातलं 'राव') यांनी शुक्रवारी ग्रुपवर लिहिलं, 'रविवारी सकाळी मेनोरे डोंगराच्या पायथ्यानं प्रोगो नदीच्या घळीपर्यंत. नऊला घरी. कोण कोण?' चार सहकाऱ्यांनी लगेच अंगठे दाखवले. उरलो मी. (न दाखवलेला अंगठा आमच्या कचेरीत फार लांबून दिसतो.)

ती खडीवरची सायकलही मी अशीच घेतलेली. साहेब म्हणाले, "विरात्मो, डांबरावर काय कुणीही चालवतं. खडीवर या!" मी म्हणालो, "हो, पाक." हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, टायर मात्र जाडजूड, आणि बूट पॅडलमध्ये खटकन अडकवायचे. अडकतात फार छान. सुटण्याबद्दल पुढे येईलच.

इकडे जावात 'नाही' हा शब्द नाही असं नव्हे. पण तो तोंडावर म्हणणं असभ्य समजतात. आमच्या घरात तो फक्त बायको वापरते.

शनिवारी संध्याकाळी ती, म्हणजे मुर्नी, म्हणाली, "अहो, उद्या दहाला सोलोहून मुलाकडची माणसं येताहेत. कुठे उंडारायला जायचं नाही."

"हो."

"सायकलीला हात लावायचा नाही."

"हो."

"आणि मुलाकडच्यांनी विचारलं, की तुम्ही काय म्हणायचं?"

"हो."

"एवढंच. जास्त बोलू नका."

म्हणजे मागणीच्या समारंभात मुलीच्या बापाचं काम एका शब्दाचं. मुलाकडचा वडीलधारा विचारतो, मुलगी द्याल का? बाप म्हणतो, हो. आयुष्यभर मी दुसरं काही केलेलंच नाही, त्यामुळे या एका कामात तरी माझा हात धरणारं कुणी नव्हतं. सेकारनं, म्हणजे माझ्या लेकीनं, माझा तपकिरी बाटिकचा शर्ट स्वतः इस्त्री करून मधल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. "बापा, ही तुमची जागा," म्हणाली. खरं सांगतो, मला भरून आलं होतं.

तर आता माझे दोन 'हो' झाले होते, एक साहेबांना आणि एक बायकोला, आणि दोन्ही एकाच सकाळचे. नऊला घरी, दहाला पाहुणे. हिशेबात बसत होतं. रविवारी पहाटे मुर्नी स्वयंपाकघरात नारळ खवत असताना साडेपाचला मी मागच्या दारानं सटकलो.

पायथ्याचा रस्ता सुंदर होता हे मला फोटोंवरून कळलं. साहेबांना फोटोंचा भारी सोस. उतार आला की आम्ही पाच जण खाली जायचं, मग साहेब मोबाइल पाहून म्हणायचे, "पाक विरात्मोचे डोळे मिटलेत. पुन्हा एकदा!" की आम्ही तोच उतार पुन्हा चढायचा. खडी चाकाखालून सटकतेय, छातीचा भाता झालाय, आणि वर पोचून हसत खाली यायचं. माझे डोळे चार वेळा मिटले. (पाचव्यांदा उघडे होते, पण सायकल आडवी होती.)

आठ वाजले. आता निघायलाच हवं होतं. 'साहेब, आज मुलीची मागणी आहे, जातो,' एवढं बोलायला काय लागतं? पण तसं बोललो असतो तर साहेबांना वाटलं असतं, याला आपण फरफटत आणलं. शिवाय साहेबांना बोलावलंच नव्हतं, हेही उघडं पडलं असतं. म्हणून मी आडून सुचवलं.

"पाक, आज ऊन फार तापणार असं दिसतंय."

"खरंय! मग घळीतच उतरू. तिथं गारवा असतो."

"घरी बायको जरा... एकटीच आहे."

"उत्तम! त्यांनाही निवांतपणा मिळेल. तुम्ही फार विचारी आहात हो."

बाकीचे चौघे माना डोलावत होते. चार गाढवं, आणि पाचवं मी!

घळीच्या तोंडाशी साहेब फोटोसाठी एका खडकावर चढले, तेवढ्यात मी डावीकडच्या पायवाटेनं सायकल घातली. सव्वाआठ झाले होते. नदी ओलांडली की पलीकडून आमचं गाव अर्ध्या तासावर. वाटेत एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती.

"बू," मी आदरानं हाक मारली, "खाली पूल आहे ना?"

"आहे."

"पलीकडे जाता येतं ना?"

"हो, हो, जाता येतं."

मी जावात जन्मलेला माणूस. 'हो' म्हणजे काय ते मला कळायला नको? बाईला माझं मन मोडवेना, एवढाच त्याचा अर्थ! पण मी खुळ्यासारखा अर्धा तास दगडगोटे तुडवत खाली उतरलो. पूल होता. तारांचा, छान लोंबता. फळ्या तेवढ्या नव्हत्या. दुरुस्तीला काढलेल्या.

परत वर चढायचं तर दहा तिथंच वाजणार. मी सायकल खांद्यावर घेतली आणि पाण्यात शिरलो. आधी गुडघा, मग कंबर, मग गळा. मागच्या खिशातला मोबाइल वाहून गेला तेव्हा मी प्रवाहाला बहुतेक 'हो' म्हणालो असेन. पलीकडे चिखलात सायकल टेकवून बसलो, बूट खटकन अडकला, चाक रुतलं, बूट सुटेना, आणि मी सायकलीसकट संथपणे उजवीकडे कलंडलो. तोंड उघडं होतं. चिखल खारट नसतो, एवढं ज्ञान पदरात पडलं.

वर चढावर बांबूचं एक घर होतं. अंगणात एक म्हातारेबुवा खुरपं घेऊन उभे. मी रीतीप्रमाणे वाकून म्हणालो, "पुढून जातो हं, म्बाह." (म्बाह म्हणजे आजोबा.)

म्हातारे म्हणाले, "या ना, बसा, चहा घ्या."

मी "हो" म्हणालो.

बसलो. चहा आला. उकडलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, आला. म्हातारे माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि खुरप्याकडे बघत राहिले. मी उठायची परवानगी मागायला तोंड उघडलं की ते म्हणत, "अजून थोडा?" आणि मी म्हणे, "हो." अशी पाऊण तास आमची सभ्यता चालली. शेवटी त्यांनी विचारलं, "असे घाईत कुठे निघाला होता?"

"आज दहाला माझ्या मुलीची मागणी आहे."

म्हातारे ताडकन उठले. "आणि तुम्ही इथं कसावा खाताय?"

"तुम्ही बसा म्हणालात."

"मी रीत म्हणून म्हटलं! अशा वेळी 'पुन्हा कधीतरी' म्हणून निघून जायचं असतं, एवढंही कळत नाही? माझी बकरी सकाळपासून उपाशी आहे!"

भर अंगणात एका अनोळखी माणसानं मी नको झालोय असं मला तोंडावर सांगितलं. जावात! मी सायकल उचलली आणि पळालो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. चेन तुटलेली, सायकल ढकलत, डोक्यापासून पायापर्यंत चिखल वाळलेला. समोरून दोन मोटारी येत होत्या, फुलं लावलेल्या. पहिली थांबली. काच खाली झाली. आत ठेवणीतल्या कपड्यांतली, गोड चेहऱ्याची एक बाई. मला पाहून तिला कळवळा आला.

"पाक, उन्हात काम करताय. हे घ्या, खा." तिनं जेवणाचा डबा बाहेर धरला. "आज आमच्या मुलाचं ठरलं. चांगल्या घरचं स्थळ आहे. मुलीचे वडील मोठे कामसू. सरकारी कामासाठी आज सुराबायाला गेलेत, बिचारे! घ्याल ना?"

इथं बोलायला हवं होतं. 'बाई, तो बिचारा मीच,' एवढं. मी डबा घेतला आणि म्हणालो, "हो."

मोटार गेली.

घरात मधल्या खुर्चीवर माझा मेहुणा सुबगिओ बसला होता. अंगात माझा तपकिरी बाटिक. तो त्याला माझ्यापेक्षा चांगला दिसत होता, हे मला फार लागलं. मुर्नीनं माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ताटं उचलायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सेकार दारात उभी होती. डोळ्यांतलं काजळ पसरलेलं.

"बापा, पाऊण तास थांबलो तुमच्यासाठी. मग मामानं हो म्हटलं."

"अगं, मी असतो तर मीसुद्धा 'हो'च म्हटलं असतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनाच म्हणता."

आणि आत गेली. तिच्या खोलीचं दार तिनं आपटलंसुद्धा नाही. मी तिथंच उभा राहिलो. पन्नास वर्षं जपून वापरलेली वस्तू खोटी निघावी तसं झालं.

मुर्नीचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "हा डबा कुठला? हा तर आपलाच, पाहुण्यांना दिलेला!"

"सेकारच्या सासूबाईंनी दिला. गल्लीत."

"ओळखलं त्यांनी तुम्हाला?"

"नाही. रस्त्यावरचा मजूर समजल्या."

"देव पावला!" मुर्नीनं आज पहिल्यांदा सुटकेचा श्वास सोडला. मग जवळ येऊन माझा चेहरा निरखला. "लग्नाला चार महिने आहेत. तोवर मिशा वाढवा. चांगल्या दाट. म्हणजे ओळखायच्या नाहीत. वाढवाल ना?"

मी काय म्हणालो ते सांगायला नको. आता तिसरा आठवडा चालू आहे. उजवीकडची बरी येतेय. डावीकडची येतच नाही.