कडप्प्याचं सोलर

धाकट्या जावेने घरची लाइट काढून टाकली, तेव्हापासून बजाबाईंना अन्न गोड लागेना.

मोडनिंबहून करकंबकडे जाताना रानात दोन वस्त्या लागतात. मधे एक बांध. अलीकडची वस्ती बजाबाईंची, पलीकडची धाकट्या जावेची, हौसाबाईची. दीर गेल्यावर हौसाबाई वाकेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती वाकली नाही. तिचा उदयसिंह पुण्याची नोकरी सोडून आला, त्याने स्लॅबवर सोलर बसवलं, गोठ्यामागे गोबरगॅस बांधला, पावसाचं पाणी टाकीत धरलं आणि मीटर परत देऊन टाकला. "आमाला आता कुनाची गरज न्हाय," असं हौसाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, तेही आवाज न चढवता. आवाज चढवून बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

मग माणसं बघायला येऊ लागली. बचत गटाच्या बाया जीप करून आल्या. कुणी मोबाइलवर शूटिंग केलं. ही सगळी माणसं वाट विचारायला थांबायची ती बजाबाईंच्याच अंगणात. "सोलरवाल्या बाई कुटं राहत्यात?" बजाबाई बोट दाखवायच्या. दाखवून झालं की तेच बोट पदराला पुसायच्या.

एवढं त्यांनी गिळलंही असतं. पण मधे धनाजीचं लग्न आलं. शेतकरी नवरा हल्लीच्या मुलींना चालत नाही. शिपाई चालतो, रिक्षावाला चालतो, स्वतःच्या रानातला मालक चालत नाही. फिरून फिरून चपला झिजल्या, तेव्हा माढ्याचं एक स्थळ जुळत आलं. मुलगी अपेक्षा. धनाजीला ती पसंत, तिला धनाजी पसंत. आता तिची आई आणि बिरुदेव मामा तेवढं दुसऱ्या दिवशी घर बघायला येणार होते.

"पाव्हणं हितं बसून समदा येळ बांधापलीकडंच बघत्याल," बजाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"बघू दे की. डोळं हायती," कोंडीबा म्हणाला.

"डोळं हायती म्हनूनच म्हनते. उदय अजून बिनलग्नाचा हाय. त्या चकाकत्या काचा बघून पोरगी तिकडं वळवली तर?"

"पोरगी हाय, म्हैस न्हाय वळवायला."

"तुमाला काय कळतंय. आपल्याकडं बी सोलर पायजे."

"एका दिवसात?"

बजाबाईंची नजर भिंतीला टेकवलेल्या कडप्प्याच्या फरश्यांवर गेली. नव्या ओट्यासाठी आणल्या होत्या. काळ्या, गुळगुळीत, चौकोनी. लांबून बघितलं तर हुबेहूब.

धनाजी आणि कोंडीबाने फरश्या पत्र्यावर चढवल्या. पत्रा कुरकुरला, मधोमध खाली आला आणि तिथेच राहिला. तरी बजाबाईंचं समाधान होईना. हौसाबाईच्या काचा चमकायच्या, या नुसत्या काळ्या दिसत होत्या. मग त्यांनी करडईचं तेल दिलं आणि धनाजीकडून फरश्या पुसून घेतल्या. लग्नातल्या नवरीलाही एवढं तेल कुणी लावत नाही.

आता बजाबाई कितीही तिखट असल्या तरी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. पाहुण्यांनी विचारलं, लाइट घेता का, तर तोंड भरून 'न्हाय' म्हणता आलं पाहिजे. म्हणून सकाळी त्यांनी मीटरखालचा फ्यूज काढला, ज्वारीच्या कणगीत खोल खुपसला आणि मीटरवर पोतं टाकलं. घरात आता खरोखरच लाइट नव्हती. खोट्याचं पाप कटलं.

पाहुणे आले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. दोन-तीन दिवस असंच अवकाळी झाकोळलेलं; ऊन नाही, वारा नाही, नुसता उकाडा. बिरुदेव मामा खाटेवर बसले आणि पहिल्यांदा वर बघितलं. ते पॅनेलकडे नव्हतं, पंख्याकडे होतं.

"सोलर तुमी बी बसवलं म्हना की," ते म्हणाले. "पॅनेल लई जाड दिसत्यात."

"जुन्या बनावटीचं हायती," कोंडीबा म्हणाला.

"आनि लाइट?"

"आमी लाइट वापरत न्हाय," बजाबाईंनी मान ताठ करून सांगितलं, आणि खरं बोलल्याचं सुख अनुभवलं.

"मग पंखा लावा की सोलरवरचा. जीव उकडून चाललाय."

इथे बजाबाईंची मान किंचित खाली आली. पंख्याचा विचार कुणी केलाच नव्हता. त्यांनी धनाजीला खुणेने आत बोलावलं.

"काकूकडं जा. तिच्या घरातनं वायर वढून आन. पाव्हन्यांम्होरनं न्हाय, उभ्या ज्वारीतनं आन."

"आय, तिला काय सांगू?"

"काय बी सांग. माझं नाव घेऊ नको."

धनाजी गेला. हौसाबाई चुलीशेजारी पदराने वारा घेत बसली होती. तिच्याही घरातला पंखा थांबला होता, फ्रीज मुका झाला होता, आणि उदयसिंह घामाघूम होऊन बॅटऱ्यांशी झगडत होता. पण पुतण्या वायर हातात घेऊन दारात उभा असताना, आमच्याकडेच काही चालत नाही, हे ती कशी सांगणार? बचत गटाच्या बाया काय म्हणतील?

"काकू, जरा लाइट पायजे हुती."

"घे की. तेवढ्यासाठी इचारायचं कशाला? आमाला काय तोटा हाय," हौसाबाई म्हणाली आणि बटण दाखवून पाठ फिरवली.

धनाजीने वायर जोडली, ज्वारीतून, बांधावरून ओढत आणली, खिडकीतून आत घेतली, पंख्याला जोडली. पंखा हलेना. त्याने परत जाऊन बटण बघितलं. चालू होतं. तो परत आला. पंखा तसाच. दोन्ही घरांमधे तो असा धावत राहिला की बिरुदेव मामांनी विचारलं, "जावईबापू व्यायाम करत्यात का?"

तेवढ्यात वरून एक थेंब मामांच्या पांढऱ्या टोपीवर पडला. मग दुसरा. मामांनी टोपी काढून हुंगली.

"करडईचं तेल हाय."

"वंगन हाय सोलरचं," कोंडीबा म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

बजाबाईंच्या मनात मात्र वेगळंच शिजत होतं. हौसेने मुद्दाम केलं. बटण दाखवलं आणि मागून काढून घेतली. धनाजीचं जमू नये म्हणूनच. "आले हं चहाचं बघून," असं पाहुण्यांना म्हणून त्या मागच्या दाराने निघाल्या आणि बांध ओलांडून तडक जावेच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"हौसे, लाइट बंद का केलीस?"

"मी कशाला बंद करू?"

"जळतीस तू. माझ्या पोराचं जमतंय म्हनून जळतीस."

"मी जळते? पत्र्यावर फरशी कुनी चढवली, अक्का? सकाळपासनं बघून हसतोय आमी."

"मग हसत बस. पर लाइट सोड."

हौसाबाई पदर खोवायला लागली, तेव्हाच ती काहीतरी लपवतेय हे बजाबाईंनी ओळखलं. त्या तिला बाजूला सारून घरामागे गेल्या. तिथे उदयसिंह उकिडवा बसला होता आणि एक जाड वायर हाताने चाचपत होता. वायर बॅटरीच्या खोलीतून निघून कोंबड्यांच्या खुराड्याखालून बांधाकडे गेली होती.

"ही कुटं जातीया?"

"काकी, ते... आभाळ आलं की बॅटऱ्या भरत न्हायत. तेवढ्यापुरतं."

बजाबाईंनी वायर धरली आणि तिच्या मागे चालू लागल्या. मागे हौसाबाई, "अक्का, ऐका तर" म्हणत, आणि तिच्यामागे उदयसिंह. वायर बांधाखालच्या पाइपातून गेली, उसाच्या कडेने गेली, आणि बजाबाईंच्याच गोठ्यात, गायीच्या डोक्यावरच्या बटणात जाऊन संपली. ज्या वस्तीला कुणाची गरज नव्हती, ती बजाबाईंच्या मीटरवर चालत होती. आणि त्या मीटरचा फ्यूज कणगीत पुरलेला होता. धनाजी मघापासून जी लाइट आणायला धावत होता ती त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली होती.

"आवं," बजाबाईंनी हाक मारली. कोंडीबा आला. वायर बघून त्याने टोपी सारखी केली.

"कुनी दिली ही?"

"उदय म्हनला, काका, कुनाला सांगू नका. भावाचं पोर हाय. न्हाय कसं म्हनायचं?"

"मला बी न्हाय सांगायचं?"

"तुला सांगितल्यावर गावाला सांगायची गरज ऱ्हायली असती का?"

बजाबाई आता काय बोलणार होत्या त्याचा पहिला शब्द ओठावर आला होता. पण गोठ्याच्या दारात अपेक्षाची आई आणि बिरुदेव मामा उभे होते. गाय बघायला म्हणून आले होते. एका जावेच्या हातात वायर, दुसरीने पण तीच धरलेली, आणि खिडकीतून ज्वारीत गेलेली दुसरी वायरही तिथून लख्ख दिसत होती.

हौसाबाईचा चेहरा उतरला. बजाबाईंना वाटलं, बोलावं. एका वाक्यात हिचं सगळं नाव मातीत जाईल. पण तेच वाक्य पुढे पत्र्यावर चढलं असतं, फरशीवर, तेलावर.

"आमच्यात असंच हाय," बजाबाई म्हणाल्या. "तिची आमच्याकडं, आमची तिच्याकडं. कोन कुनाचं, आमालाच कळत न्हाय."

हौसाबाईने जावेकडे बघितलं. "अक्का थोरल्या हायत्या," ती हळूच म्हणाली. "त्यांच्याशिवाय आमचा दिवा लागत न्हाय."

हे वाक्य बजाबाईंनी मनात दोनदा ऐकलं.

अपेक्षाच्या आईने डोळ्याला पदर लावला. "ताई, घर बघायला आलो तवा आमाला भ्याव ह्याचंच हुतं. शेजारी भावकी म्हनल्यावर पोरीच्या डोक्याला रोजची कटकट. सोलर असू दे, नसू दे. जावाजावा एका वायरीवर नांदत्यात, असं घर आमी बघितलं न्हवतं. आमची अपेक्षा तुमची झाली."

बजाबाईंनी एक खोल श्वास घेतला. जमलं. पाहुण्यांमागून आलेला धनाजी गायीच्या पाठीवर उगाच हात फिरवू लागला.

"आनि एक इचारायचं हुतं," बिरुदेव मामा उदयसिंहाकडे बघत म्हणाले. "अपेक्षाच्या पाठची एक हाय. ह्या पोराचं कुटं बघताय का? दोघी भनी दोन घरात पडल्या तर तुमच्यासारख्याच नांदत्याल."

हौसाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि थोरल्या जावेकडे बघून म्हणाली, "अक्का म्हनतील ते."

सगळे बजाबाईंकडे बघू लागले. नाही म्हणावं तर एका वायरीचं प्रेम तिथेच तुटतं. हो म्हणावं तर हौसेच्या घरात सून येते, तीही त्याच मांडवात. मग त्यांनी अपेक्षाच्या आईच्या जवळ जाऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं,

"धाकटी थोरलीपेक्षा जास्त शिकल्याली न्हाय न्हवं?"

"न्हाय वो. दोघी बी बारावीच."

"मग जमंल," बजाबाई म्हणाल्या.